झऱ्याची तोंडं

"रूपरावभाऊ, आता गारा नका टाकू!" माधवीनं काठावरून ओरडून सांगितलं.

विहिरीच्या तळाशी आडव्या बोअरचं मशीन थांबलं. रूपरावनं मान वर केली. "काऊन मॅडम? मातीचा गारा नाई सोडला तं छेद ढासळते. मशीनचे दांडे आतच फसतीन."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. गुजरातेत तेलविहिरींवर माधवीचं कामच हे होतं. जमिनीखाली आडव्या जाणाऱ्या छेदात कसला गारा सोडायचा, किती पातळ, हे ती ठरवायची. छेद ढासळू नये आणि खडकाची बारीक छिद्रंही बुजू नयेत. ती बुजली की खाली तेल असून वर येत नाही.

रोहण्याला, आपल्या गावी, ती सुट्टीवर आली होती. घरच्या विहिरीतले दोन आडवे बोअर कोरडे गेले होते. हाही गेला तर संत्र्याची झाडं तोडायची, असं तिच्या वडिलांनी, नानाजींनी, ठरवलं होतं.

माधवी दोर धरून खाली उतरू लागली.

"माधवे, तू कायले उतरून राह्यली?" नानाजी ओरडले, पण दोर त्यांनीही घट्ट धरला.

तळाशी छेदातून परत येणारा चिखल तिनं बोटांत चोळला. "चिकणमाती संपली, भाऊ. मुरूम लागला. झरा असन तं इथंच, अन् गाऱ्यानं त्याची तोंडं बुजतीन. नुसतं निवळ पाणी सोडा, हळू घ्या."

रूपरावनं पंपाची नळी निवळ पाण्यात सोडली. मग म्हणाला, "परत येणाऱ्या पाण्यावर हात ठेवा. जड लागलं म्हंजे छेद ढासळून राह्यला. सांगजा, मी दांडा मागं घेतो."

ती 'जड' म्हणाली की तो दांडा मागं घ्यायचा. असं बराच वेळ चाललं. मग पाणी एकदम गार लागलं. रूपरावनं पंप बंद केला. धार थांबली नाही.

"लागलं हो, नानाजी!" तो हसला. "मॅडम, पहिले दोन बी धुऊन पाहू का?"

त्यांतला एक वाहू लागला. दुसरा कोरडाच राहिला.

सुट्टी संपल्यावर नानाजी तिला आर्वीच्या स्टँडवर सोडायला आले. ती गाडीत बसली, तोच गावातला एक ओळखीचा त्यांना भेटला.

"पोरगी काय करते म्हणता?"

एरवी नानाजी 'कंपनीत हाये' एवढंच सांगायचे. आज त्यांनी पिशवी खाली ठेवली. "असं पाहा, दगडाले बारीक तोंडं असतात…"

गाडी सुटली. माधवीनं खिडकीतून हात हलवला. नानाजींचं लक्षच नव्हतं. त्यांचा तळहात हवेत आडवा, सावकाश पुढं सरकत होता.