फुलीची जागा

“फुली केलीय तिथं सही करा ताई, एवढंच काम आहे,” सहीवाले काका म्हणाले आणि त्यांनी पेन पुढे केलं.

व्यसनमुक्ती केंद्राच्या धुलाईखोलीत ती चादरी पिळत होती. तिची सहा वर्षांची मुलगी वर्षभर दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला होती. मुलीला फिट्स येत होत्या. संध्याकाळी नवं औषध सुरू व्हायचं होतं, पण आईच्या संमतीशिवाय ते देता येत नव्हतं. बालकल्याण कार्यालयातल्या काकांनी अशा सह्या गोळा करण्यात बावीस वर्षं घालवली होती. आधीच पेन्सिलीने फुली घालून ठेवली की लोक मुकाट्याने सही करतात, हा त्यांचा शोध. आणि त्याचा त्यांना कोण अभिमान!

पण ही बया चक्क वाचायला बसली. ओळीवर बोट ठेवून, एकेक शब्द. काका मनातल्या मनात चरफडले. जिला स्वतःचं मूल सांभाळता आलं नाही, ती आता कागद तपासणार!

“हे औषध नको,” ती म्हणाली.

“अहो ताई, पोरीला झटके येतायत. अडवून काय मिळणार तुम्हाला?”

“दीड वर्षाची असताना हेच दिलं होतं. अंगभर फोड आले, ओठ सोलवटले. आठ दिवस माझ्या मांडीवर होती. बाटलीवर नाव वेगळं होतं, पण खाली बारीक अक्षरांत हेच होतं. पाठ केलंय मी ते. विचारा डॉक्टरांना.”

काकांनी घुश्शातच फोन लावला. पलीकडे डॉक्टरबाईंनी मुलीची फाईल चाळली.

“जुने कागद आमच्याकडे आलेच नाहीत,” त्या म्हणाल्या. “बरं झालं विचारलंत. जिवावर बेतलं असतं तिच्या. दुसरं लिहून पाठवते.”

पालथ्या बादलीवर बसून काका त्या बाईकडे बघतच राहिले. घर गेलं, मूल गेलं, दारूत किती दिवस बुडाले त्याची गणती नव्हती. आणि त्या सगळ्यातून हा एक अवघड शब्द तिने जसाच्या तसा सांभाळून आणला होता! बावीस वर्षांत आपण किती जणांना वाचूच दिलं नाही, हे ते मनातल्या मनात मोजू लागले.

तासाभराने केंद्राच्या ऑफिसातून दुसऱ्या औषधाचा कागद छापून मिळाला. काकांनी त्यावर फुली घातली नाही. ‘मुलीशी नाते’ हा रकाना ते नेहमी स्वतःच भरून टाकायचे, तोही कोरा ठेवला.

“सावकाश वाचा ताई. मी थांबतो.”

तिने ओले हात पुसले, कागद दोनदा वाचला, सही केली. मग कोऱ्या रकान्यात ‘आई’ असं लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत कागद हातातून सोडला नाही.