थंड ब्रेकची साक्ष

मी ट्रक बोलतोय. बावीस वर्षं माल वाहून हाडं खिळखिळी झालेला. माझ्याच केबिनमध्ये माझा ड्रायव्हर गेला; मालकही तोच. सगळे म्हणाले, त्याला डुलकी लागली. खरं काय ते मला माहीत होतं, पण मला विचारतंय कोण!

"चल राजा, एवढा चढ काढ," असं म्हणत तो माझ्या दारावर थाप मारायचा. लांब उतारावर पेडल मऊ पडतंय, हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्याने मला मिस्त्रीकडे नेलं. मिस्त्रीने अंगणात उभ्या उभ्या पेडल दाबून पाहिलं.

"घट्ट आहे की! उगाच शंका काढतोस."

माझा आजारच लबाड. ब्रेक ऑइल जुनं, त्यात पाणी शिरलेलं. थंड असताना मी ठणठणीत. चाकं तापली की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल पोकळ जातं.

त्या दुपारी उतारावर त्याने पेडल दाबलं. पुन्हा दाबलं. मी थांबलो नाही. समोर भिंत आली. तपासणीवाले पोचेपर्यंत मी निवलो होतो. ब्रेक ठीक, माणूस झोपला, असं लिहून ते मोकळे झाले.

मला ठोकून सरळ केलं, ब्रेक ऑइल मात्र तेच राहिलं. पण उतार आला की, नव्या ड्रायव्हरचा पाय बाजूला असला तरी, कुणीतरी पेडल दाबतंय असं वाटायचं. माझा गेलेला ड्रायव्हरच असेल, या विचाराने मला भीती वाटायची.

एके दिवशी त्या गेलेल्या ड्रायव्हरच्या बायकोने मिस्त्रीला गाठलं. "भाऊ, ते गाडीवर कधी झोपले नाहीत. उतारावर नेऊन बघा. मी शेजारी बसते."

"वहिनी, काहीतरीच काय!"

पण ती हटली नाही. मिस्त्री मला चालवत उतारावर घेऊन गेला. निम्मा उतार गेला आणि त्याच्या पायाखाली पेडल खाली बसलं. मिस्त्रीचा चेहरा उतरला. गिअर पाडत, हँडब्रेक ओढत त्याने मला मातीच्या ढिगात घातलं.

"म्हणजे ते जागे होते," ती म्हणाली.

"जागे होते, वहिनी. दोनच दिवस आधी आले होते माझ्याकडे. ब्रेक ठीक आहेत, असं मीच सांगितलं त्यांना."

मग चार लोकांसमोरही त्याने ते कबूल केलं. तिने किल्ली त्याच्या हातात ठेवली. "गाडी तुमच्याच अंगणात राहू द्या. रोज बघत जा."

तो रोज बघतो आणि मान खाली घालून कामाला लागतो. कुणीतरी मला मोडीत काढा हो. निदान मिस्त्रीची तरी या शिक्षेतून सुटका होईल.