दुसरं पान

ताईला जाऊन सात महिने झाले होते, पण तिचा जीव घेणारी गाठ प्रयोगशाळेत अजून जिवंत होती. धाकटीनंच ती जगवली होती. बशीत वाढलेले तिचे खसखशीएवढे दाणे ती सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळी आणि पुटपुटे, "थांब मेल्या, तुझ्याच तोंडून वदवून घेते."

तिचं कामच ते. रुग्णाच्या गाठीचा तुकडा बशीत वाढवायचा, त्यावर औषधं घालून बघायची आणि आकडे संगणकात भरायचे. मग रुग्णाचं वजन, रक्त, मूत्रपिंडं जमेस धरून संगणक सांगे, कुठल्या औषधानं गाठ किती आटेल. ताईला द्यायचं ठरलेलं औषध फुकट जाईल, असं त्यानं आधीच सांगितलं होतं. पण मोठ्या डॉक्टरांनी कागद न वाचताच सरकवला. "बशीतल्या दाण्यांना विचारून मी उपचार करत नाही. माझे केस काय उन्हात पांढरे झालेत?" त्यांनी तेच औषध दिलं. ताई चार महिन्यांत गेली.

धाकटीनं डूख धरला. सुट्टीच्या दिवशीही येऊन तिनं औषधांच्या जोड्या लावून पाहिल्या. छत्तिसाव्या जोडीला दाणे विरघळले. संगणक म्हणाला, ताईची गाठ निम्मी होण्याची शक्यता शंभरात सत्तर होती.

रुग्णालयाच्या महिन्याच्या बैठकीला ती भावजींनाही घेऊन गेली. ताईच्या नवऱ्याचं तोंड डॉक्टरांनी बघायलाच हवं होतं. तिनं नव्या अहवालाचं पहिलं पान डॉक्टरांपुढे ठेवलं.

"वाचा. मोठ्यानं."

तिसऱ्या ओळीला त्यांचा आवाज फाटला.

"ही औषधं तेव्हा आपल्याकडे होती?" रुग्णालयाच्या प्रमुखबाईंनी विचारलं.

"होती," डॉक्टर म्हणाले.

"मग यापुढे प्रयोगशाळेचा अहवाल वाचून, त्यावर सही केल्याशिवाय तुम्ही औषध लिहायचं नाही."

चारचौघांत डॉक्टरांची मान खाली गेली. धाकटीच्या काळजाला थंडावा मिळाला. एवढ्यात भावजी उठले.

"धाकटे, तू फोनवर नको-नको म्हणत होतीस. मीच म्हटलं, मोठे डॉक्टर आहेत, त्यांना जास्त कळतं. संमतीच्या कागदावर सही माझी आहे." त्यांनी टोपी उचलली. "हे आधी घरी सांगायचंस गं."

ते गेले. सुडाच्या भरात ती सही तिच्या ध्यानातच आली नव्हती.

त्यानंतर डॉक्टर अहवालासाठी स्वतः प्रयोगशाळेत येऊ लागले. काम नसलं तरी धाकटी त्यांना दारात दहा मिनिटं ताटकळत ठेवी. त्याचं तिला कधीच वाईट वाटलं नाही. भावजी मात्र तिचा फोन उचलेनात. शेवटी तीच त्यांच्याकडे गेली.

त्यांनी दार उघडलं, पाणी दिलं.

"ती जोडी लागू पडली असती," भावजींनी विचारलं, "तर किती दिवस मिळाले असते तिला?"

संगणकानं तेही काढलं होतं. अहवालाच्या दुसऱ्या पानावर होतं. डॉक्टरांना पुढच्या बैठकीत वाचायला लावायचं म्हणून ते तिनं राखून ठेवलं होतं, आणि आत्ता पिशवीतच होतं.

"ते नाही सांगता येत संगणकाला," धाकटी म्हणाली.