माझ्यावरून रस्ता जाऊ द्या

मी बांध बोलतोय. कोल्हापूर शहर संपता संपत नाही, तिथल्या दोन उसाच्या रानांमधला. हल्ली माझा जीव थाऱ्यावर नाही. लांब कुठं ट्रॅक्टर सुरू झाला तरी मी दचकतो.

पिराजी आणि धैर्यशील या चुलतभावांच्या आजोबांनी मला घातलं. दोन मुलांची वाटणी करताना त्यांनी मला बैलगाडी जाईल एवढं रुंद ठेवलं, कारण मागच्या रानातल्या माणसांना दुसरी वाटच नव्हती. आजोबा गेले आणि दर नांगरटीला मी इकडून थोडा, तिकडून थोडा कमी होत गेलो. बांध कोरणारा माणूस माझ्याकडे कधी बघत नाही. पलीकडच्या रानात कुणी आहे का, एवढंच बघतो. आता माझ्यावर एक पाऊल कसंबसं मावतं.

मागच्या रानात अंबूबाई राहते. डोक्यावर दुधाची किटली घेऊन ती रोज माझ्यावरून डेअरीला जाते. तिची सून पूर्णिमा पोटुशी होती. दवाखान्याची गाडी दारापर्यंत येणार कुठून, या काळजीनं म्हातारीला घास गोड लागत नव्हता.

म्हणून नगररचना योजना आली तेव्हा मी हरखलो. सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, प्रत्येकानं थोडी सोडायची, त्यातून रस्ते-गटारं काढायची आणि उरलेली ज्याची त्याला चौकोनी करून परत द्यायची. रस्ता नेमका माझ्यावरून आखला होता. योजनेचे साहेब माझ्यावरच उभे राहून समजावत होते.

"रस्ता पायजेच की साहेब," थोरला पिराजी म्हणाला, "पर धैर्याच्या रानातनं न्या."

"का? आण्णाचं रान काय सोन्याचं हाय व्हय?" धैर्यशील उसळला. "त्याच्याच बाजूनं न्या!"

साहेब गेले आणि दुसऱ्याच दिवशी दोघांनी मला दोन्हीकडून कुदळीनं कोरलं. का, तर मोजणीत आपलं रान जास्त भरावं! मोजणी जुन्या खुणांवरून होते, हे साहेबांनी दोनदा सांगितलं होतं. ऐकतंय कोण? मी मधेच ढासळलो.

आणि परवा पूर्णिमाला कळा सुरू झाल्या. गाडी मोठ्या रस्त्यावर अडून राहिली. अंबूबाईची हाक ऐकून दोघंही धावले. पोरगी माझ्यावर पाय टाकायची आणि घसरायची. मग पिराजीनं तिला एका बाजूनं धरलं, धैर्यशीलनं दुसऱ्या.

"आण्णा, ऊस तुडवला की तुमचा!"

"तुडवू दे! तू पोरीला धर घट्ट!"

दोघं आपापल्या रानातून, गुडघ्याएवढ्या उसातून चालले आणि मधे, माझ्यावर, पूर्णिमा. मागं ऊस आडवा झालेला. कितीतरी वर्षांनी मी पुन्हा बैलगाडीएवढा रुंद झालो होतो. मला रडू आलं.

मुलगी झाली. दोघांनी अंबूबाईचे पेढेही खाल्ले. आज मात्र दोघं वाकून आपापला ऊस पुन्हा उभा करताहेत, एकमेकांकडे पाठ करून. सोमवारी योजनेविरुद्ध हरकत द्यायला दोघंही निघणार आहेत म्हणे.

बाबांनो, मी तुमच्या आजोबांच्या हातचा आहे, म्हणून हक्कानं सांगतो. मला राखू नका. माझ्यावरून रोलर फिरवा, मी हूं की चूं करणार नाही. पण तो ऊस उभा करू नका. परवा आलेली ती पोर उद्या चालायला लागेल. तिला तरी एका पावलाच्या वाटेवरून चालायला लावू नका.