आठवायला दिलेला वेळ

मुकुंद देगावकर विषमज्वरातून उठले तेव्हा डोक्यावरचे केस गेले होते आणि डोक्यातली बरीच नावंही. सोलापुरातल्या एका मराठी शाळेत ते तिसरीला शिकवत. कोणी विचारपूस करून गेलं की ते बायकोला, पद्मजाबाईंना विचारत, "हे कोण गं?" त्या नाव सांगत. मुकुंदराव ते पुन्हा पुन्हा पुटपुटत. दुसऱ्या दिवशी तोच माणूस, तोच प्रश्न.

एका सकाळी समोरचे रुद्रप्पा डोकावून गेले. मुकुंदरावांनी विचारलं. पद्मजाबाई भाकरी थापत होत्या. दुखण्यातली जागरणं अजून त्यांच्या अंगात होती.

"तुम्हीच आठवा," त्या म्हणाल्या. "मी नाही सांगणार."

बोलून गेल्यावर त्यांना वाईट वाटलं, पण त्यांनी मान वर केली नाही. मुकुंदराव भिंतीला टेकून बसले. कपाळावर घाम आला. तव्यावरची भाकरी उतरली, दुसरी पडली. मग ते हळूच म्हणाले, "रुद्रप्पा."

ते नाव पुन्हा गेलं नाही. पद्मजाबाईंनी पुढं तोच शिरस्ता ठेवला. फार अडलं तर पहिलं अक्षर सांगायचं, नाव नाही. ऐकलेलं उडून जातं आणि स्वतः ओढून काढलेलं राहतं, हे मुकुंदरावांच्या ध्यानात आलं.

शाळेत परतल्यावर त्यांनी वर्गाचं घोकणं थांबवलं. पूर्वी ते एक ओळ सांगत आणि मुलं ती कौलं हलतील अशा आवाजात म्हणत. आता ते पुस्तक मिटून विचारत, "काल काय झालं?" आणि गप्प उभे राहत. काही दिवसांनी, मुलं तो धडा विसरत आली की, पुन्हा विचारत.

मल्लप्पाचा आवाज वर्गात सगळ्यांत मोठा. त्याला हे फार जड गेलं. "गुरुजी, एकदा सांगा की," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "लगेच म्हणून दाखवतो."

"लगेच म्हणशील रे. चुकलं तरी चालेल, आधी आठव."

हेडमास्तर गुरुबसप्पा सरळ माणूस. त्यांनी मुकुंदरावांना बोलावून घेतलं. "देगावकर, तुमच्या वर्गातनं आवाज येत नाही."

"मुलं आठवत असतात."

"पाठ असलं की आठवावं लागत नाही."

शाळा तपासायला शिक्षणखात्याचे डिप्टी आले. त्यांनी भीमेला मिळणाऱ्या नद्या विचारल्या. वर्ग गप्प. बऱ्याच वेळानं मल्लप्पा म्हणाला, "सीना." मग कोणी माण म्हणालं, कोणी नीरा. तिसरीच्याच दुसऱ्या तुकडीनं तीच नावं एका दमात म्हटली. मुकुंदरावांच्या वर्गावर 'मंद' असा शेरा पडला आणि उन्हाळ्यात त्यांची मंगळवेढ्याला बदली झाली. त्यांनी तक्रार केली नाही. पद्मजाबाईंनी भांडी पोत्यात भरली.

जूनमध्ये दोन्ही तुकड्या चौथीत एकत्र आल्या. वर्ग गुरुबसप्पांकडं होता. त्यांनी मागच्या वर्षीच्या नद्या विचारल्या. एका दमात म्हणणारी मुलं पहिल्याच नावाला अडली. मुकुंदरावांची मुलं थोडा वेळ छताकडं बघत राहिली आणि मग एकेक नदी सांगत गेली. गुरुबसप्पांनी इतिहास विचारला, पाढे मधूनच विचारले. तेच झालं.

ते डिप्टींकडं गेले आणि देगावकरांना परत द्या म्हणाले. झालेली बदली वर्षभर फिरत नाही, असं उत्तर मिळालं. तेव्हा एका रविवारी ते मंगळवेढ्याला गेले. मुकुंदरावांनी दुखण्यापासूनचं सगळं सांगितलं. पद्मजाबाई चहा ठेवून दाराशी थांबल्या होत्या.

"चिडून बोलले होते मी," त्या म्हणाल्या.

गुरुबसप्पांनी बशी खाली ठेवली. "घोकणं सोडायचं धाडस होत नाही," ते म्हणाले.

"सगळं सोडू नका. थोडं कमी करा आणि चार दिवस मध्ये जाऊ देऊन विचारा."

सोलापुरात चौथीचे पाढे सकाळी पूर्वीसारखेच दुमदुमत राहिले. दुपारी मात्र वर्ग शांत असे. शेजारचे मास्तर काय झालं म्हणून डोकावले, तर गुरुबसप्पा त्यांना हातानंच थांबवत.