तेहतीसवर लावलेलं गाणं

गाणं सुरू झालं आणि उत्तमरावांनी आधी फोन बंद केला. मग चष्मा काढून पुसला. चष्म्याचा गाण्याशी काही संबंध नव्हता, पण माणूस हादरला की हाताशी असेल ते पुसत बसतो.

"बंद कशाला केलंत? चांगलं होतं की," मेथी निवडता निवडता नीलिमाताई म्हणाल्या.

"लिंक चुकीची आली आहे."

लिंक चुकीची नव्हती. ती हेमांगीनं पाठवली होती आणि हेमांगी ही परशुरामची मुलगी, म्हणजे चुकीचं काही पाठवण्यातली नव्हे. परशुराम जाऊन आठवडा झाला होता. जाण्याआधी दवाखान्यात त्यानं उत्तमरावांचा हात धरून हेमांगीदेखत सांगितलं होतं, की उत्तरकार्याच्या दिवशी लोक भाषणं करतील ती करू द्या, पण शेवटी आपल्या त्या रेकॉर्डमधलं शेवटचं गाणं लागलं पाहिजे, आणि ते उत्तमनंच लावायचं. उत्तमरावांनी मान हलवली होती. चाळीस वर्षांच्या मित्रानं मागून मागितलं तर एक गाणं.

ती रेकॉर्ड म्हणजे 'विंटर क्लार्क्स' नावाच्या बेल्जियमच्या बँडची. परशुरामचा मेव्हणा जहाजावर होता, त्यानं ती पंच्याऐंशी साली आणली. अशा संगीताला तिकडे न्यू वेव्ह म्हणत. भाईंदरजवळच्या मुर्धा गावात त्याला काहीच म्हणत नसत, कारण ऐकणारे दोघंच होते: मिठागरं राखून असलेल्या घरातला परशुराम आणि गिरगावातून नुकताच भाईंदरला राहायला आलेला, विमा कंपनीत चिकटलेला उत्तम. परशुराम रेकॉर्डला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. स्वतः पाकिटातून काढायचा, स्वतः फुंकर मारायचा, स्वतः सुई टेकवायचा. उत्तमनं समोर वेताच्या मोड्यावर बसायचं आणि ऐकायचं.

आणि काय ऐकायचं! एखादा हत्ती विचार करत चालल्यासारखा ढोल. त्यावर पेटीचा लांबलचक, थकलेला सूर. आणि गाणारा पुरुष असा, की जणू विहिरीच्या तळाशी बसलाय आणि आपल्याला वर काढायला कुणी येणार नाही हे त्यानं मान्य केलंय. गाणी तिकडच्या डच भाषेत, त्यामुळे शब्दांची अडचण नव्हती. अर्थ उत्तमरावांनी लावायचा. एका दिवाळी अंकात त्यांनी या रेकॉर्डवर लेखही लिहिला होता, 'यंत्रयुगाचा विलाप' या नावाचा. त्यावर वाचकाचं एक पत्र आलं होतं, तेही दुसऱ्याच लेखाबद्दल होतं.

पण लेखाचं सोडा. त्या वर्षी उत्तमचे वडील गेले होते. थोरला मुलगा म्हणून त्यानं सगळं केलं, फक्त रडू तेवढं आलं नाही. ते काही आठवड्यांनी, परशुरामच्या ओटीवर, त्या शेवटच्या गाण्याला आलं. आलं ते थांबेना. गाणं संपल्यावर परशुरामनं सुई उचलून पुन्हा लावली.

आणि आता हे.

उत्तमरावांनी पुन्हा फोन चालू केला. शेवटचंच गाणं लावलं. टकाटक टकाटक ढोल सुरू झाला, पेटी शिट्टी मारल्यासारखी वाजायला लागली, आणि एक मुलगी गाऊ लागली. मुलगी. खिदळत. मागे आणखी मुली ओरडत होत्या, बहुधा पाण्यात उड्या मारत असाव्यात.

"रीमास्टर म्हणजे काय हो?" फोनच्या पडद्यावरचा शब्द वाचून नीलिमाताईंनी विचारलं.

उत्तमरावांनी सांगितलं, की जुनं ध्वनिमुद्रण धुऊनपुसून स्वच्छ करतात, त्याला रीमास्टर म्हणतात.

"मग खूपच धुतलंय," नीलिमाताई म्हणाल्या. "त्यात पुरुष होता तो गेला."

लिंकबरोबर एक पुस्तिका होती. मुखपृष्ठावर पिवळ्या रेनकोटमधल्या चार मुली दात काढून हसत होत्या. उत्तमरावांना चाळीस वर्षं ज्या माणसाबद्दल आदर वाटत आला होता, तो डावीकडून दुसरी निघाला. गाण्यांचे इंग्रजी अर्थही दिले होते. पहिलं गाणं नव्या सायकलवर होतं. तिसरं मोलकरीण न आल्याबद्दल. शेवटचं गाणं, ज्याला मुर्ध्याच्या ओटीवर उत्तम लहान पोरासारखा रडला होता, ते समुद्रकिनाऱ्यावर कागदी पुडीतून बटाट्याचे तळलेले काप खाण्याबद्दल होतं. 'अजून मीठ घाल, अजून मीठ घाल,' असं त्याचं धृपद होतं.

उत्तमराव उठून पाणी प्यायले. परत येऊन बसले आणि पुस्तिकेच्या शेवटी लिहिलेली ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली: मूळ रेकॉर्ड मोठ्या आकाराची असली तरी ती पंचेचाळीसच्या गतीवर वाजवायची होती.

इथे जरा थांबायला हवं, कारण ज्यांच्या घरी रेकॉर्ड प्लेअर नव्हता त्यांना यातला हादरा कळायचा नाही. आपल्याकडे सरळ हिशेब होता. छोटी रेकॉर्ड पंचेचाळीसवर, मोठी तेहतीसवर. नाट्यगीतं असोत, अभंग असोत की सिनेमाची गाणी, मोठी रेकॉर्ड दिसली की खटका तेहतीसवर जायचा. त्यावर काय लिहिलंय ते कुणी वाचत नसे, जसं आपण शिवाजी पार्कच्या पाटीवर शिवाजी पार्कच लिहिलंय ना हे बघत नाही. परशुरामनं मोठी रेकॉर्ड पाहिली आणि खटका तेहतीसवर टाकला. झालं. मुली संथ झाल्या, मग जाड झाल्या, मग पुरुष झाल्या, मग विहिरीत गेल्या.

"म्हणजे तुम्ही चाळीस वर्षं चुकीच्या वेगानं दुःखी होतात," नीलिमाताई म्हणाल्या.

उत्तमरावांच्या डोळ्यासमोर मुर्ध्याचं अंगण उभं राहिलं होतं. पांढऱ्या कपड्यातला अख्खा गाव, मीरा-भाईंदरातले झाडून सगळे पुढारी, 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फलक, फलकावर परशुरामचा हात जोडलेला फोटो, आणि लाउडस्पीकरवर चार मुली: अजून मीठ घाल. लोक उत्तमरावांना हसले असते तर चाललं असतं. पण कुणी तरी विचारणार, तुम्ही आधी ऐकलं नव्हतं का, आणि मग खटक्याची गोष्ट निघणार, आणि परशुरामला शेवटच्या दिवशी अख्खं गाव हसणार. रेकॉर्डवरून भरून घेतलेली जुनी कॅसेट काढावी तर खाडीच्या हवेनं तिच्यावर पांढरी बुरशी धरलेली. परशुरामचा रेकॉर्ड प्लेअर गेल्याच पावसाळ्यात भंगारात गेलेला.

त्यांनी फोनवरच गती कमी करून पाहिली. त्यानं मुलगी पुरुष झाली नाही. झोपेची गोळी घेतलेली मुलगी झाली.

तेव्हा ते मुर्ध्याशेजारच्या राई गावात पिंटूकडे गेले. पिंटू हळदी-लग्नात साउंड लावायचा आणि उत्तरकार्याचा साउंडही त्याचाच होता. त्याला काम समजावून दिलं. पिंटूनं हेडफोन लावून गाणं पूर्ण ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाला, "काका, ओरिजिनल एकदम कडक आहे. इसको स्लो कायको करताय?"

उत्तमरावांनी सांगितलं, की ते श्रद्धांजलीला लावायचंय.

"हां, मग बरोबर," पिंटू म्हणाला आणि त्यानं पडद्यावर काहीतरी सरकवलं. गती उतरली, सूरही उतरला. ढोल हत्तीसारखा चालू लागला. विहिरीतला माणूस परत आला. उत्तमरावांचे डोळे भरून आले, आणि त्याच क्षणी त्यांच्या डोक्यात बटाट्याचे काप आले. हे फार वाईट झालं होतं. पण वेळ निभावण्यापुरतं पुरे होतं.

उत्तरकार्याच्या दिवशी ते लवकरच मुर्ध्याला पोचले. अंगणात मांडव घातला होता, खुर्च्या लागत होत्या. लोक यायच्या आत गाणं तपासून घेऊ म्हणून त्यांनी पिंटूला ते लावायला सांगितलं. हत्ती दोन पावलं चालला असेल-नसेल, तोच घरातून मंजुळावहिनी बाहेर आल्या. परशुरामच्या बायकोला उत्तमरावांनी या दिवसांत बोलताना पाहिलंच नव्हतं. त्या सरळ पिंटूपाशी गेल्या आणि हातानं बंद करायची खूण केली.

"भावजी, हे न्हाय," त्या म्हणाल्या.

उत्तमराव सांगायला लागले, की हेच ते गाणं, शेवटचं, फक्त नवीन साफ केलेलं.

"गानं तेच हाय. पन हे तुमचं हाय. त्यांचं जोरात, भरभर वाजायचं."

मंजुळावहिनींनी मग खुर्ची ओढली आणि जे सांगितलं ते इतक्या सहजपणे, की जणू शेजारची विहीर कुठे आहे ते सांगताहेत. रेकॉर्ड आणली त्या पहिल्या संध्याकाळी परशुरामनं ती तेहतीसवर लावली, हे खरं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाकीट पुसताना त्यानं पंचेचाळीस लिहिलेलं पाहिलं, खटका बदलला, आणि हसून हसून खाली बसला. उत्तमला सांगायला म्हणून तो भाईंदरला निघणारच होता. पण आदल्या रात्री उत्तम त्या गाण्याला रडला होता. बापाच्या मागं पहिल्यांदा. "म्हनले, आज नको सांगायला. आता जरा मोकला झालाय पोरगा. मंग पुढच्या रविवारी तुमी परत आलात नि तेच लावा म्हनालात. मंग तुमी त्यावर लिवलंत. मंग काय सांगतील?"

"म्हणजे त्याला माहीत होतं," उत्तमराव म्हणाले.

"तुमी यायच्या आधी खटका खाली करायचे. तुमी गेलात का वर. मंग आमी दार लावून नाचायचो."

उत्तमरावांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मंजुळावहिनी सत्तरीला टेकल्या होत्या. त्यांना त्यांनी आजवर चहा आणताना पाहिलं होतं, दशक्रियेला पाहिलं होतं, निवडणुकीच्या रांगेत पाहिलं होतं. नाचताना त्यांचं चित्र डोळ्यासमोर आणायचा प्रयत्न त्यांनी केला आणि ते आलं, हाच त्या सकाळचा तिसरा धक्का होता. चाळीस वर्षं दर रविवारी ते या घरातून जड पावलांनी बाहेर पडत आणि कोपऱ्यावर वळले न वळले तोच मागे या दोघांचा नाच सुरू होत असे. आणि परशुराम समोर बसून, डोळे मिटून, 'विलाप' ऐकत असे. एकदाही त्याच्या ओठाचा कोपरा हलला नव्हता. असा नट रंगभूमीला मिळाला नाही हे रंगभूमीचं दुर्दैव.

"मग दवाखान्यात मला सांगताना तो कुठलं म्हणत होता?" त्यांनी विचारलं.

"माज्याजवल म्हनले, त्याला जमल ते लावू दे. हलू लावलं तरी चालल. पन जोरात लावलं तर..." वहिनी थांबल्या. पदर नीट केला. "तर म्हनले, उत्तमला बापाचं दुख सोसलं असं समजीन."

मांडवात माणसं यायला लागली. पिंटूनं दोनदा येऊन विचारलं, की काका, कोणतं. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं तेव्हा उत्तमराव म्हणाले, "ओरिजिनल."

"शुअर ना? इथे सगळे सफेद कपड्यात आहेत."

"दिसतंय मला," उत्तमराव म्हणाले.

भाषणं रीतसर झाली. एका पुढाऱ्यानं पोकळी सांगितली, दुसऱ्यानं ती कधीही न भरून येणारी असल्याचं सांगितलं, तिसऱ्यानं जेटीच्या कामाचा विषय काढला. शेवटी हेमांगीनं उत्तमकाकांचं नाव घेतलं. उत्तमरावांनी भाषण लिहून आणलं होतं. त्यात बाकी काही चुकीचं नव्हतं, पण ते सगळं तेहतीसच्या गतीचं होतं. त्यांनी तो कागद खिशातच ठेवला, परशुरामनं सांगितलेलं गाणं लावतोय एवढंच म्हणाले आणि पिंटूकडे पाहून मान हलवली.

टकाटक टकाटक.

मांडवात असा सन्नाटा पसरला की स्पीकरची खरखर ऐकू यावी, पण खरखर नव्हती. रीमास्टर केलेलं होतं. पोकळीवाल्या पुढाऱ्याचे जोडलेले हात तसेच राहिले आणि तोंड उघडं पडलं. मागच्या रांगेतून कुणी तरी पिंटूला, अरे चुकीचं लागलंय, असं सांगायला निघालं होतं, त्याला पिंटूनं हातानं बसवलं. बायकांच्या बाजूला परशुरामची नव्वदीची आत्या विमलाबाई बसली होती. ती कानावर हात धरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे परश्याचंच हाय का गो?"

"त्यांचंच हाय," मंजुळावहिनी म्हणाल्या.

"मंग ऱ्हाऊ दे," विमलाबाई म्हणाली आणि काठी टेकवून तिनं ठेका धरला. पांढऱ्या लुगड्याखाली तिचा पाय हलत होता. शेजारच्या बाईनं तो पाहिला, आणि मग तिचाही. श्रद्धांजली सभेत पाय हलवू नये असा नियम मुर्ध्यात कधी कुणी केलाच नव्हता, कारण तशी वेळच आली नव्हती. हेमांगी रडत होती आणि हसतही होती, आणि दोन्हीपैकी कुठलं लपवायचं ते तिला ठरवता येत नव्हतं.

आणि गाणं संपलं. ज्या गाण्यानं एके काळी अख्खी संध्याकाळ खाऊन टाकली होती, ते उत्तमरावांनी माईक एका हातातून दुसऱ्या हातात घेईपर्यंत आटोपलं. टाळ्या वाजवाव्यात की दोन मिनिटं उभं राहावं हे कुणालाच कळेना, म्हणून सगळे नुसते बसून राहिले.

"संपलं?" विमलाबाईनं विचारलं. "एवढंच?"

उत्तमरावांनी फलकावरच्या परशुरामकडे पाहिलं. तोंडावरची एक रेषा हलत नव्हती लेकाची.

"एवढंच, आत्या," ते माईकवर म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला.