तापाची रांग

आमच्या दवाखान्यात डॉक्टर एक आणि सकाळी पोरं चाळीस. म्हणून रांगेचा नियम मीच काढला होता. दारातच ताप मोजायचा आणि ज्याला जास्त ताप, त्याचा नंबर आधी. नर्स म्हणून तेवीस वर्षं काढली होती, त्यामुळे या शहाणपणाचा मला कोण अभिमान! डॉक्टरही म्हणायचे, "सिस्टर, तुम्ही आहात म्हणून माझं निभावतंय."

त्या दिवशी मी आठ वाजता कुलूप उघडायला आले, तर एक बाई आधीच पायरीवर बसलेली. मांडीवर वीस दिवसांचं बाळ.

"कालपासून दूधच ओढत नाहीये हो," ती म्हणाली.

मी काखेत थर्मामीटर लावला. ताप नव्हताच, उलट अंग गार होतं. "ताप नाही. गुंडाळून ठेव आणि बस तिकडे," म्हटलं. थोड्याच वेळात आलेल्या बाकीच्या पोरांनी दवाखाना डोक्यावर घेतला आणि हे एक गप्प होतं. मला बरंच वाटलं.

इतक्या लहान जिवाच्या रक्तात जंतू पसरले, की कधीकधी ताप येतच नाही, अंग थंड पडतं. हे मला शिकवलेलं होतं. माहीत नव्हतं म्हणायचीही सोय नाही.

ती दोनदा उठून आली. दुसऱ्यांदा मी खेकसले, "सगळ्यांनाच घाई आहे, बाई!" ती ओशाळून परत जाऊन बसली.

तिचा नंबर लागला तेव्हा बारा वाजून गेले होते. डॉक्टरांनी बाळाची छाती बोटाने दाबून सोडली, तर पांढरा ठसा तसाच राहिला, रक्त परत भरेचना. मग आमची पळापळ. अँटिबायोटिक सकाळपासून कपाटातच होतं. शीर सापडेना, म्हणून मांडीत टोचलं. मोठ्या हॉस्पिटलची गाडी यायच्या आत बाळ गेलं.

डॉक्टर हताशपणे तिला म्हणाले, "फार उशिरा आणलंत हो."

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. "मी कालच यायला हवं होतं ना, सिस्टर?"

चार तास मी बसवून ठेवलं, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

"हो," मी म्हणाले.

तिचं घर दवाखान्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. दोन वर्षं झाली, माझं पाऊल तिकडे वळलेलं नाही.